पंचवीस वर्षं बंद पडलेलं यंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला की काय काय निघतं! बंद पडलेला मिक्सर, आजोबांचा पंखा. भंगारवाला येतो, काटा लावतो, पैसे हातावर ठेवतो आणि आपण ती वस्तू विसरूनही जातो.

२०१० च्या फेब्रुवारीत दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने असंच एक जुनं, प्रयोगासाठी गॅमा किरणांचा मारा करणारं यंत्र लिलावात काढलं. १९६८ साली कॅनडाहून आणलेलं, १९८५ पासून बंद. पंचवीस वर्षं एका खोलीत पडून होतं. पण त्याच्या पोटात, शिशाच्या जाड कवचाआड, कोबाल्ट-६० होता, म्हणजे सतत घातक किरण सोडणारा किरणोत्सर्गी धातू. या कोबाल्टचा जोर दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. बेचाळीस वर्षांत तो आठ वेळा निम्मा झाला होता, म्हणजे मूळच्या अडीचशेव्या हिश्श्यावर आला होता. तरीही माणूस मारायला तो पुरेसा होता.

यंत्र पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात गेलं. कामगारांनी ते फोडलं, शिसं वेगळं काढलं, आतल्या धातूचे तुकडे झाले. ना आवाज, ना वास, ना चटका. एका दुकानदाराने त्यातला एक चकचकीत तुकडा पैशाच्या पाकिटात ठेवला आणि पाकीट पँटच्या मागच्या खिशात. बघा, आपण सगळेच पाकीट तिथेच ठेवतो! त्या जागची त्याची कातडी भाजून निघाली. दुसऱ्या एकाला जुलाब लागले, त्वचा काळी पडली. एप्रिलच्या सुरुवातीला डॉक्टरांना शंका आली, त्यांनी कळवलं, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचे अधिकारी मोजणीची उपकरणं घेऊन त्या गल्लीत शिरले. गल्लीभर विखुरलेले तुकडे शोधून गोळा करावे लागले. २६ एप्रिलला एक कामगार दगावला. इतर सात जण रुग्णालयात होते.

विषय सोडून एक बोलतो. लिलावाच्या फायलीवर दहा सह्या असतात, पण वस्तू जवळ जाऊन पाहिलेला माणूस एखादाही नसतो. मला याचा फार राग येतो.

तर मुद्दा हा. असं यंत्र कुठे आहे, चालू आहे का, बंद असेल तर त्याचा किरणोत्सर्गी स्रोत परत पाठवला का, हे विचारायला कोणीतरी दारात जायला हवं. माणूस जायला हवा, श्रोतेहो. हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाचं. १९८३ साली स्थापन झालेलं हे मंडळ आपल्या मुंबईतच आहे, अणुशक्तीनगरला. बाहेर कोलकाता, चेन्नई आणि दिल्लीला त्याची प्रादेशिक केंद्रं आहेत. आणि देश केवढा! गावोगावची एक्स-रे केंद्रं, कर्करोगाच्या उपचाराची यंत्रं, पाइपलाइनचे सांधे तपासणारे रेडिओग्राफीचे संच.

२०१२ मध्ये कॅगने, म्हणजे सरकारी कारभाराचं लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थेने, हिशेब मांडला. वैद्यकीय एक्स-रे केंद्रं ५७,४४३, त्यातली मंडळाकडे नोंदलेली फक्त ५,२७०. पुन्हा सांगतो, ५७ हजारांतली ५ हजार. सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच राज्याराज्यांत किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालयं उभारायला सांगितलं होतं. दहा वर्षांनी, २०११ च्या जुलैपर्यंत, ती फक्त केरळ आणि मिझोरामने उभारली होती. बाकीच्या राज्यांत हे काम करायला वेगळी माणसंच नव्हती. नियम कागदावर पक्के होते, पण ते घेऊन जायला पाय कमी होते. पुढे परवाने आणि नोंदणीचं काम ऑनलाइन झालं, ते चांगलंच झालं. पण संगणकावरच्या अर्जाला बंद खोलीतली पेटी दिसत नाही. तिथे कुलूप उघडून आत जाणारा निरीक्षकच लागतो. अशी पदं रिकामी ठेवून वाचवलेला पगार मायापुरीसारख्या एका गल्लीत केव्हाच खर्ची पडतो.

आणि हो, जरा खोकला आला की लगेच एक्स-रे काढून आणायचा, ही आपली सवय मला पटत नाही. डॉक्टरांनी सांगितला तर जरूर काढा. पण केंद्रात गेलात की मंडळाचा परवाना विचारा. भिंतीवर लावलेला असेल तर वाचा, नसेल तर दाखवायला सांगा. गर्भवती बाई बरोबर असेल तर आत जाण्याआधीच तसं सांगा. आणि घरच्या किंवा ऑफिसच्या भंगारात पिवळ्या पाटीवर तीन पात्यांच्या पंख्यासारखी खूण दिसली, तर त्या वस्तूला हात लावू नका, ती उघडू नका, विकू नका. लांब उभे राहा, इतरांनाही लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा.

नमस्कार.