सातेरीच्या पेटीतला मध काढायचा किती आणि राखायचा किती?

नमस्कार. आज आपण महाबळेश्वरजवळच्या मांघर गावात आलो आहोत. २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झालेले हे देशातील पहिले गाव आहे. जांभळाचा फुलोरा आता ओसरत आला आहे आणि पावसाळ्यापूर्वीची मधकाढणी सुरू आहे.

आपल्यासमोरच्या पेट्यांमध्ये सातेरी मधमाश्यांच्या वसाहती आहेत. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते, म्हणून तिला पेटीत ठेवता येत नाही. सातेरी मात्र मुळातच झाडाच्या ढोलीत, काळोखात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी आहे, आणि पेटी म्हणजे तिच्यासाठी माणसाने केलेली ढोलीच होय.

पेटीच्या दाराशी थोडा वेळ थांबून पाहा. काही कामकरी माश्या बाहेरच्या बाजूला तोंड करून सतत पंख हलवीत आहेत. त्या आत हवा लोटतात, त्यामुळे मकरंदातील पाणी उडून जाते आणि तो घट्ट होतो. युरोपीय मेलिफेरा माशी हेच काम आत तोंड करून करते. मध पक्व झाला, म्हणजे त्यातील पाणी साधारण वीस टक्क्यांपर्यंत उतरले, की माश्या पोळ्यातले ते मधाचे घर मेणाने बंद करतात. मधपाळ पोळे असलेली लाकडी चौकट उचलून आधी हे मेणाचे झाकणच तपासतात, कारण कच्चा मध काढला तर तो आंबतो.

[मधपाळ धुराचा हलका झोत देऊन झाकण उघडतात.]

खालच्या कोठीत राणीमाशी अंडी घालते आणि तिथेच पिल्ले वाढतात. वरच्या कोठीत मध साठतो. पोळे पिळून मध काढण्याच्या जुन्या पद्धतीत अंडी आणि अळ्याही चिरडल्या जात, आणि मला ते फार वाईट वाटते. येथे फक्त वरच्या चौकटी काढतात, सुरीने मेणाचा पापुद्रा उतरवतात आणि यंत्रात फिरवून मध वेगळा करतात. पोळे अभंग राहते व माश्यांना ते पुन्हा भरता येते. नवे पोळे बांधायला लागणारे मेण तयार करण्यासाठी त्यांना पुष्कळ मध खर्ची घालावा लागतो, त्यामुळे ही बचत मोठी आहे.

खालच्या कोठीतल्या मधाला मात्र हात लावायचा नाही. या डोंगरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा दिवसांत माश्यांना बाहेर पडता येत नाही, आणि साठा संपला तर सातेरी पेटी सोडून निघून जाते. त्या काळात मधपाळ साखरेचा पाक देतात, पण पाकात परागकण नसतात आणि पिल्ले वाढवायला तेच लागतात. म्हणून अशक्त दिसणाऱ्या वसाहतीचा वरचा मधसुद्धा या मोसमात न काढलेला बरा.

[मधपाळ चौकटी जागेवर ठेवून झाकण लावतात आणि स्टँडच्या पायांखालच्या, मुंग्या अडवणाऱ्या वाट्यांत पाणी भरतात.]