पीएसडी-95 : दाटीत दडलेलं प्रथिन

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या चेतापेशीची फांदी, तिच्यावर हिरवे ठिपके.)

प्रत्येक हिरव्या ठिपक्यापाशी दोन चेतापेशी एकमेकींना भिडल्या आहेत. हा जोड म्हणजे सिनॅप्स. मध्ये फट आहे जेमतेम 20 नॅनोमीटरची. पलीकडून ग्लुटामेट हे निरोप्या रसायन सुटतं आणि अलीकडच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. चमकतोय तो मात्र रिसेप्टर नाही. त्याच्या खाली, पेशीच्या आतल्या अंगाला, पीएसडी-95 नावाचं प्रथिन आहे.

1992 मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेतल्या मेरी केनेडी यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या मेंदूतून त्याची ओळख पटवली. हे प्रथिन स्वतः कुठलीच रासायनिक क्रिया घडवत नाही. एंझाइमसारखा दिसणारा एक भाग त्यात आहे, पण तोही निष्क्रिय. त्याचं सगळं काम धरून ठेवण्याचं. त्याचे पीडीझेड नावाचे भाग एनएमडीए या ग्लुटामेट-रिसेप्टरची शेपटी पकडतात, आणि त्यांतलाच एक नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एंझाइमलाही जवळ आणतो. रिसेप्टरमधून कॅल्शियम आत शिरलं की ते लगेच या एंझाइमपाशी पोचतं. पक्षाघातात रिसेप्टर अतिरेकी चेतवले जातात, तेव्हा हीच जवळीक पेशीच्या जिवावर उठते.

1998 मध्ये या प्रथिनाचं जनुक बिघडवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रिसेप्टर जागच्या जागी होते, तरीही उंदरांचं शिकणं ढासळलं होतं. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. रिसेप्टर शाबूत असून भागत नाही, त्याच्यामागची जुळणीही लागते.

(दृश्य : वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी. एक ठळक पट्टा.)

आता ते हिरवे ठिपके. ते दिसतात अँटिबॉडीमुळे, म्हणजे ठरावीक प्रथिन हेरून त्याला चिकटणाऱ्या रेणूमुळे. पण ती पीएसडी-95लाच चिकटली, हे कशावरून? पीएसडी-93, सॅप-97 आणि सॅप-102 ही त्याची भावंडं रचनेने इतकी सारखी आहेत, की अँटिबॉडी सहज फसू शकते. ब्लॉटवर पट्टा 95 किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास यायला हवा, जरी अमिनो आम्लांच्या हिशेबाने वजन 80च्या घरात भरतं. त्याहून भक्कम पुरावा म्हणजे हे प्रथिन मुळातच नसलेल्या उंदराच्या मेंदूचा नमुना. तिथेही पट्टा उमटला, तर त्या अँटिबॉडीवर विसंबता येत नाही.

(दृश्य : मेंदूचा पातळ काप. ठिपके जवळपास नाहीत.)

इथे अँटिबॉडी खरी आहे, प्रथिनही आहे. तरी अंधार. सिनॅप्सच्या आतल्या अंगाला प्रथिनांची एवढी दाटी असते, की ऊती टिकवायला वापरलेल्या फॉर्मल्डिहाइडने ती एकमेकांत घट्ट जखडली की अँटिबॉडीला आत वाटच मिळत नाही. मग कापावर पेप्सिन टाकतात. हे पाचक एंझाइम ती जाळी थोडी सैल करतं आणि ठिपके उजळतात. त्याचं प्रमाण फार जपावं लागतं, जास्त झालं तर ऊतीचाच नाश होतो. म्हणून ब्लॉटवर उत्तम चाललेली अँटिबॉडीही मेंदूच्या कापासाठी नव्याने पारखावी लागते, प्रथिन नसलेल्या उंदराचा काप शेजारी ठेवून.