बाळाला ‘त’ आणि ‘ट’ ऐकू येतात तेव्हा

(मराठी मंडळाच्या पाडवा मेळाव्यात, कॅनडातल्या व्हँकुव्हर परिसरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

समोर मांडीवरची आठ-दहा बाळं दिसताहेत. त्यांच्यापैकी कुणी मध्येच रडलं, ओरडलं तर बाहेर घेऊन जाऊ नका. आजचा विषय त्यांचाच आहे.

मी गेली २१ वर्षं सरेमध्ये डे-केअरला काम करते, तान्ह्या आणि रांगत्या मुलांच्या खोलीत. मराठी घरांतून मला हमखास एक प्रश्न येतो, “ताई, मराठी केव्हापासून सुरू करायचं?” बोलायला लागला की, किंवा मंडळाच्या मराठी शाळेत घातला की, अशी उत्तरं आईबाबांनी मनात धरलेली असतात. मी सांगते, आज रात्री दूध पाजताना सुरू करा. बाळानं त्याच्या बाजूनं सुरुवात कधीच केलेली असते. जन्मल्या जन्मल्या ते आईचा आवाज दुसऱ्या बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखतं, कारण पोटात शेवटचे काही महिने ते तोच ऐकत आलेलं असतं.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला प्रत्येक मराठी घरात जाऊन सांगावासा वाटतो, कारण त्यात आपली अक्षरं आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतलं बाळ आईच्या मांडीवर बसवायचं आणि एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा. मध्येच ‘त’चा ‘ट’ झाला की बाजूच्या पेटीतलं खेळणं उजळून हलायला लागायचं. फरक कळणारं बाळ आवाज बदलताच खेळण्याच्या आशेनं मान वळवतं. हे आवाज हिंदीतले घेतले होते, पण त आणि ट आपल्याकडेही तसेच. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी बरोबर मान वळवली. ज्यांच्या घरात हे दोन आवाज कुणी कधी वेगळे काढलेच नव्हते, त्यांनी! १० ते १२ महिन्यांच्या बाळांमध्ये मात्र तो फरक जवळजवळ कुणालाच पकडता येईना. हिंदी ऐकत वाढणारी त्याच वयाची बाळं तो सहज पकडत होती. वर्करबाई पुढे इथेच, युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात, बाळांच्या भाषेवर वर्षानुवर्षं काम करत राहिल्या.

दार कायमचं बंद होतं असं मी म्हणत नाही. मोठेपणी त-ट शिकणारी माणसं आहेत, पण त्यांना मेहनत पडते. पहिल्या वर्षात मात्र समोरच्या माणसाच्या तोंडून ते बाळाच्या कानावर पडलं की पुरतं. आणि या देशात नेमकं हेच वर्ष-दीड वर्ष आईला किंवा बाबांना रजा मिळते. माझ्या खोलीत मूल येतं तेव्हा ते बहुधा वर्षाचं झालेलं असतं. म्हणजे हे ‘त’ आणि ‘ट’चे महिने तुमच्याच घरात जातात.

हे मी कुठून शिकले ते सांगते. थोरला दहा महिन्यांचा असताना तपासणीला नेला होता. तिथे एकीनं अगदी मायेनं सांगितलं, घरात इंग्रजीच बोला, नाहीतर मुलाचा गोंधळ होईल. आम्ही देशात नवीन, आम्ही ऐकलं. माझं कामापुरतं इंग्रजी चांगलं होतं, पण बाळाला न्हाऊ घालायचं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. ‘डोळ्यांत साबण गेला होय रे’, ‘हुडहुडी भरली माझ्या राजाला’, ‘चला, अंग कोरडं करू’, यातलं मला काही म्हणजे काही सुचायचं नाही. मग मी गुपचूप पाणी घालायचे, गुपचूप पुसायचे. मला वाटत होतं मी भाषा बदलली आहे. प्रत्यक्षात माझं बोलणंच थांबलं होतं. तो उत्तम शिकला, भला मुलगा आहे, पण आजही आजीशी फोनवर चार वाक्यांपुढे त्याची गाडी जात नाही. याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं.

दोन भाषा ऐकल्यानं बाळाचं बोलणं रखडत नाही. कुणी तसं सांगितलं तर नम्रपणे ऐकून घ्या आणि घरी येऊन मराठीत बोला. एक मात्र खरं. वर्ष होत आलं तरी बाळ बडबडत नसेल, नावाला वळून बघत नसेल, बोट दाखवत नसेल, तर भाषेवर ढकलू नका. नर्सकडे जा, कान तपासून घ्या.

धाकटीच्या वेळी सासूबाई सांगलीहून सहा महिने आल्या. टबाशेजारी पाटावर बसून, पाय लांब करून, पोरीला पायांवर घ्यायच्या. तेलाचा हात मांडीवरून पोटरीवर, पोटरीवरून तळपायावर. “आता कुठला पाय चोळू?” असं विचारायच्या आणि थांबायच्या. खरोखर थांबायच्या, हात हवेत धरून, तिच्या तोंडाकडे बघत. तीन महिन्यांची पोर दोन क्षण टक लावून बघायची आणि मग पाय झाडायची. “हा होय? बरं बाई!” की हात पुन्हा चालू. ते थांबणं मला तेव्हा दिसलं नाही. पुढे डे-केअरचं प्रशिक्षण घेताना बाईंनी आम्हाला शिकवलं की बाळाशी बोलणं म्हणजे देवाणघेवाण, आपण काही म्हणायचं आणि त्याच्या उत्तराला जागा ठेवायची. माझ्या डोळ्यांसमोर लगेच सासूबाईंचा तो तेलाचा हात आला.

आपल्यातले बरेच जण बाळापुढे न थांबता बोलतात, किंवा बोलतच नाहीत. मनात पाच आकडे मोजा. बाळाचं उत्तर म्हणजे हुंकार, भुवई, लाथ, कधी नुसतं जांभई देणं. तेही उत्तर समजून त्याला पुढचं वाक्य द्या.

खेळण्यांसाठी दुकानात जायची गरज नाही. आता आठ महिन्यांचा नातू आहे. परवा मी कणीक मळत होते, तो हाय चेअरवर. एक वाटी आणि एक चमचा दिला. चमचा खाली टाकला. “पडला! खण्ण वाजला!” उचलून दिला. पुन्हा टाकला. पाचव्या वेळी चमचा हातातून सोडायच्या आधी त्यानं माझ्याकडे बघितलं. मी ‘पडला’ म्हणणार की नाही याची तो वाट बघत होता. मी मुद्दाम गप्प. त्यानं चमचा सोडला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “प्पा!” मळायचं काम तसंच राहिलं, पण राहू दे. वस्तू हातातून सुटली तरी ती खाली असते, शब्द वस्तूबरोबर येतो, आपण केलं की आजी बोलते, एवढं सगळं एका चमच्यात होतं.

धुतलेले मोजे जोड्या लावताना एक बाळाच्या नाकाला लावा. पदराआड तोंड लपवून बुवा-कुक करा. डाळीच्या डब्यात हात घालायला देऊ नका, शेंगदाणे, चणे, मटार दूर ठेवा, पण बंद झाकणाचा डबा खुशाल वाजवू दे. भूभू, माऊ, हम्मा, भुर्र यांना कमी लेखू नका. हे आपल्या भाषेतले खरे शब्द आहेत, आणि लाडाचा तो ताणलेला, उंच सूर बाळं कान देऊन ऐकतात. बाबा लोक इथे लाजतात. लाजू नका. डायपर बदलताना तुमचंच तोंड त्याच्या अगदी समोर असतं.

आणि आता फोन. सीमेपलीकडे सिॲटलला पॅट्रिशिया कूल यांच्या चमूनं २००३ साली ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली. ती बाळं चिनी आवाजांतला फरक तैवानमधल्या बाळांइतकाच ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तेच सगळं पडद्यावर दाखवलं, तर काहींना नुसतं ऐकवलं. ती काहीच शिकली नाहीत. म्हणून मराठी बालगीतं टीव्हीवर लावून स्वयंपाकाला लागलो म्हणजे मराठी चालू आहे, असं समजू नका. इथले बालरोगतज्ज्ञही २ वर्षांखाली स्क्रीन नको म्हणतात, अपवाद फक्त आपल्या माणसांच्या व्हिडिओ कॉलचा. तो कॉलही बाळासमोर टेकवून ठेवायचा नाही. साताऱ्याहून आजी ‘टाळी’ म्हणाली की इथे तुम्ही त्याचे दोन्ही हात धरून टाळी वाजवा. मग आजीची टाळी त्याच्या हातात येते.

सुपर व्हिसावर, म्हणजे मुला-नातवंडांकडे लांब मुक्कामाला येण्याच्या व्हिसावर, आलेले आजी-आजोबा इथे बसलेत, त्यांना हात जोडून सांगते. “आम्हाला इथलं काही कळत नाही” म्हणून कोपऱ्यात बसू नका. स्ट्रोलर घेऊन निघालात की दिसेल ते सांगत चला: पाऊस, बस, पिवळं पान, चिखल. बाळाला तुमचा रस्ता चुकलेला कळत नाही.

शेजारच्या खोलीत चटई अंथरली आहे. स्टीलच्या वाट्या, लाकडी चमचे, रिकामे डबे आणि दोन जुन्या ओढण्या ठेवल्या आहेत. जेवण वाढायला अजून अर्धा तास आहे. बाळांना घेऊन या, फोन पर्समध्ये ठेवा, मी तिथेच खाली बसलेली असेन.