‘कायम’ या अर्थाचे इंग्रजी शब्द आणि त्यांचे सोबती

मंडळी, मराठीत नोकरी कायम होते, समिती स्थायी असते आणि मैत्री जन्मभराची. ‘कायम समिती’ असं कुणी म्हणालं तर आपल्या कानाला लगेच खटकतं. हा कान आपल्याला कुणी शिकवलेला नाही, तो ऐकून ऐकून तयार झाला. मग इंग्रजीच्या वर्गात शिरताना आपण तो दाराबाहेर का ठेवतो?

माझं खरं भांडण आहे समानार्थी शब्दांच्या याद्यांशी. पर्मनंट, लास्टिंग, परपेच्युअल, स्टँडिंग, एन्ड्युअरिंग. समोर एकच अर्थ, ‘कायमचा’. करा पाठ! मुलं बिचारी पाठ करतात. पुढे कुणी अर्जात ‘लास्टिंग जॉब’ हवा म्हणून लिहितं, कुणी ‘परपेच्युअल ॲड्रेस’ देतं. व्याकरणात काडीचीही चूक नाही. समानार्थी शब्दांच्या प्रश्नात याच उत्तराला पूर्ण गुण, आणि निबंधात त्याच शब्दाखाली लाल रेघ! का, ते कुणी सांगत नाही. मूल मात्र समजून बसतं की आपलं इंग्रजी कच्चं आहे. याचा मला मनापासून राग येतो, कारण कच्ची असते ती यादी. कुठला शब्द कुणाच्या सोबतीने येतो, अशा इंग्रजीतल्या शब्दजोड्यांचा मोठा अहवाल इंग्रजीचे अध्यापनतज्ज्ञ हॅरल्ड पामर यांनी तोक्योत बसून 1933 साली काढला. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांचं म्हणणं 1957 चं. आणि आपण अजून याद्याच घोकतोय!

एक गोष्ट सांगतो, मला फार आवडते. 1502 साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात तह झाला. नाव काय, तर ‘ट्रीटी ऑफ परपेच्युअल पीस’. 1513 मध्ये फ्लॉडनच्या रणांगणावर हीच दोन राज्यं भिडली आणि स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स तिथेच पडला. परपेच्युअल हा कागदावरचा शब्द आहे, करारमदाराचा. मुदत लिहिलेली नाही, एवढंच तो सांगतो. कंपनी कायद्यातलं ‘परपेच्युअल सक्सेशन’ही तसंच. भागधारक बदलोत, मरोत, कंपनी चालू राहते. याउलट 4 मार्च 1865 च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी शब्द वापरला ‘लास्टिंग पीस’. लास्टिंग म्हणजे प्रत्यक्षात टिकणारी. म्हणूनच लास्टिंग इम्प्रेशन, लास्टिंग डॅमेज. छाप असो की नुकसान, घटना संपल्यावरही मागे उरतं ते लास्टिंग.

समोरून घड्याळ दाखवताहेत. खरा विषय राहिलाच की! भरभर सांगतो.

पर्मनंट जातो पदाला, पत्त्याला, जागेला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच पर्मनंट मेंबर, बाकीचे दहा दोन-दोन वर्षांसाठी निवडलेले. म्हणजे हा शब्द बहुधा कुठल्या तरी तात्पुरत्याच्या शेजारी उभा असतो. स्टँडिंगचं तसं नाही. एकदा ठरलं की दर वेळी नव्याने ठरवायला नको, ते स्टँडिंग. ठरलेली रक्कम ठरल्या तारखेला पाठवत राहा, ही बँकेतली स्टँडिंग ऑर्डर, घरी येण्याचं स्टँडिंग इन्व्हिटेशन, युद्ध संपलं तरी न मोडणारी स्टँडिंग आर्मी. स्टँडिंग ओव्हेशन मात्र यात धरू नका, तिथे लोक खरोखरच उभे असतात, आणि ते कायमचं झालं तर वक्त्याने घरी जायचं कधी?

लाँग-टर्म आणि लाँग-स्टँडिंग यांत तर हमखास गल्लत होते. लाँग-टर्म पुढे बघतो आणि त्याला शेवट असू शकतो. लाँग-टर्म लीज एका तारखेला संपतेच. लाँग-स्टँडिंग मागे बघतो. लाँग-स्टँडिंग अरेंजमेंट म्हणजे बऱ्याच काळापासून चालत आलेली. उद्या ती राहील की नाही, याबद्दल शब्द गप्प आहे. नव्या कराराला लाँग-स्टँडिंग म्हणता येत नाही, तो कितीही वर्षांचा असो.

या अरेंजमेंटच्या सोबत येणाऱ्या क्रियापदांचं तर राहूनच गेलं. दोनच घ्या. ‘मेक अरेंजमेंट्स’ म्हणजे तयारी करणं, ‘कम टू ॲन अरेंजमेंट’ म्हणजे समोरच्याशी बोलून काहीतरी ठरवणं. पहिलं एकट्याला जमतं, दुसऱ्याला निदान दोघं लागतात. बाकीची क्रियापदं प्रश्नोत्तरांत घेऊ. विचारा.