गोळी सुरू होण्याआधीचं वजन

कोल्हापुरात रुग्णांच्या नातेवाइकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप.

मंडळी, कोल्हापूर हे तालमींचं गाव. इथं पोरगं अंगानं भरलं की घरची माणसं खूश. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचा रुग्ण झोपत नव्हता, जेवत नव्हता. गोळी सुरू झाली, झोप लागली, ताट रिकामं व्हायला लागलं, गाल वर आले. आई म्हणते, "औषध मानवलं." आजारात गेलेलं वजन परत आलं तर उत्तमच. पण काट्यावरचा आकडा तिथं थांबत नाही. मग यातलं भरून आलेलं किती आणि गोळीनं चढवलेलं किती, हे कुणालाच सांगता येत नाही, कारण सुरुवातीचं वजन लिहूनच ठेवलेलं नसतं.

सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. क्लोझापिन आणि ओलान्झापिन वजन सर्वांत जास्त वाढवतात. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन मधल्या फळीत. ॲरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन यांचा त्रास कमी. मूड स्थिर ठेवणारं व्हॅल्प्रोएट आणि लिथियम, नैराश्यासाठी दिलं जाणारं मिर्टाझापिन, यांनीही वजन वाढतं. पहिल्यांदाच औषध घेणाऱ्या तरुण मुलांत ही वाढ सर्वांत झपाट्यानं होते.

यांतली बरीच औषधं मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांच्या काही ग्राहकांना (रिसेप्टर) अडवतात, त्यामुळं पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. म्हणून "हावरटासारखा काय खातोस?" असं बोलून काही उपयोग नाही. ती भूक खरी असते. शिवाय वजन फारसं न वाढताही साखर वाढू शकते, कारण काही औषधं इन्सुलिनच्या कामातही थेट ढवळाढवळ करतात. त्यामुळं बारीक माणसाचीही रक्ततपासणी टाळायची नाही.

पहिली गोळी पोटात जाण्याआधी काय हवं? वजन, उंची, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (सरासरी साखरेची तपासणी) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी). आई-वडील, भावंडांत मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर तेही सांगायचं. रुग्ण फार अस्वस्थ असेल तर औषध अडवून ठेवू नका. शांत झाल्यावर पहिल्या काही दिवसांत उरकून घ्या.

वजन नेहमी एकाच काट्यावर करा. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, हलक्या कपड्यांत. कमरेचा घेर म्हणजे पँटचा नंबर नव्हे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, यांच्या बरोबर मध्ये टेप धरायचा. परकराच्या नाडीवरून नाही, उघड्या त्वचेवर. श्वास सहज सोडल्यावर वाचायचं, पोट आत ओढून नाही. आपल्याकडं पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या पुढं गेला की जादा वजन, २५ च्या पुढं लठ्ठपणा.

पहिले तीन महिने सर्वांत महत्त्वाचे. वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला तरी व्हायलाच हवं. मी तर म्हणेन घरी दर रविवारी करा, वहीत लिहा आणि वही दवाखान्यात न्या. वर्षातून एकदा केलेल्या महागड्या तपासणी पॅकेजपेक्षा ती वही जास्त कामाची. साखर, लिपिड, रक्तदाब बाराव्या आठवड्याला आणि पुढं दरवर्षी. साखर आधीच वाढलेली असेल तर लवकर.

सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के वाढ झाली की डॉक्टरांशी बोलायचं. ६० किलोचा माणूस ६३ वर गेला, बस. पहिल्याच महिन्यात एवढं वाढलं तर पुढं बरंच वाढण्याची शक्यता असते, तेव्हा "अजून बघू" म्हणत बसू नका.

लॅबमध्ये घोळ होतात ते साधेच. आठ तास उपाशी म्हणजे चहाही नाही, पाणी चालतं. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ सीमारेषेवर, १२६ किंवा जास्त दोनदा आली तर मधुमेह. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, म्हणून औषध सुरू होऊन महिनाच झाला असेल तर त्यावर विसंबू नका. लोहाच्या कमतरतेनं रक्त कमी असलेल्या बाईत ते उगीच जास्तही दिसतं.

वजन वाढलं म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. आजार उलटतो, आणि क्लोझापिन एकदम तोडलं तर फार जोरात उलटतो. डॉक्टरांपुढं मार्ग असतात: डोस तपासणं, हळूहळू दुसऱ्या औषधावर नेणं, किंवा मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध जोडणं. मेटफॉर्मिन सहसा जेवणासोबत ५०० मिलिग्रॅमनं सुरू करून हळूहळू वाढवतात, कारण एकदम वाढवलं तर जुलाब, मळमळ होते. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, बघतात. उलट्या-जुलाब लागले तर ते थांबवायचं का, हे लगेच विचारा. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी-१२ तपासावं.

खाण्यापिण्याबद्दल एकच आग्रह धरतो: साखर पिऊ नका. काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि मग उसाचा रस, कोल्ड्रिंक, गोड सरबत दिवसभर चालतं. तहानेला पाणीच. गंगावेशीतलं धारोष्ण दूध एक ग्लास ठीक, रोज दोन-तीन नाही. रंकाळ्याला फेरी रोज मारा, पण फेरीनंतर भेळ खाल्ली तर ती फेरी वजनाच्या हिशेबात धरू नका.

प्रचंड तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, धाप आणि गुंगी, हे एकत्र दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. साखर अचानक फार वाढल्याची ती खूण असू शकते.

श्रोत्यांतून विचारलं गेलं, एकादशीला गोळ्या घ्यायच्या का? घ्यायच्याच. पण लुरासिडोन जेवणासोबत, किमान ३५० कॅलरी पोटात असतील तरच नीट शोषलं जातं. एक प्लेट साबुदाणा खिचडीत तेवढ्या सहज भरतात. घोळ कडकडीत उपवासात होतो. लिथियम घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास अजिबात करू नये आणि मीठही एकदम बंद करू नये. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं. हात थरथरणं वाढतं, जुलाब लागतात, तोल जातो. असं झालं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी लिथियमची पातळी तपासून घ्या. एरवीची नेहमीची तपासणी मात्र शेवटच्या डोसनंतर बरोबर बारा तासांनी रक्त देऊन करायची.