फोटो दुसऱ्याचा, नाव आपलं

(दृश्य: पडदाभर एक पॅन कार्ड. नाव आणि क्रमांक झाकलेले, चेहरा धूसर.)

मार्च २०२३. दिल्ली पोलिसांनी पाच जणांना अटक केली. त्यांनी पॅन क्रमांक वापरले होते अभिषेक बच्चन, माधुरी दीक्षित, महेंद्रसिंह धोनी अशा माणसांचे. बनावट कार्डांवर फोटो मात्र आरोपींनी स्वतःचे लावले होते. या कार्डांच्या जोरावर त्यांनी पुण्यातल्या ‘वन कार्ड’ कंपनीची क्रेडिट कार्डं मिळवली आणि २१ लाख रुपयांहून जास्त रकमेची खरेदी केली.

व्हिडिओवर पडताळणी झाली होती. कॅमेऱ्यासमोरचा चेहरा आणि कार्डावरचा फोटो जुळला. जुळणारच, दोन्ही एकाच माणसाचे होते. आधीच्या कर्जांबद्दल, कार्डांबद्दल प्रश्न विचारले गेले, त्यांचीही उत्तरं तयार होती. ज्यांचे चेहरे सगळा देश ओळखतो त्यांच्या बाबतीत हे घडलं. मग ज्याला त्याच्या गल्लीबाहेर कोणी ओळखत नाही, त्याचं काय?

(दृश्य: बाजारपेठ. दुकानांच्या पाट्या.)

हे पॅन क्रमांक चोरट्यांना मिळाले कुठून? कुठलीही तिजोरी फोडावी लागली नाही. ते जीएसटी क्रमांकातून मिळाले. जीएसटी क्रमांकात १५ अक्षरं आणि अंक असतात. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे अख्खाच्या अख्खा पॅन. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल, तर तो त्या मालकाचा वैयक्तिक पॅन. हा क्रमांक दुकानाच्या पाटीवर लावायचा, बिलावर छापायचा, असा नियमच आहे. म्हणजे नोंदणी केलेल्या प्रत्येक छोट्या व्यापाऱ्याचा पॅन रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही वाचता येतो. पॅन कार्डावर जन्मतारीखही लागते. नामवंतांच्या जन्मतारखा इंटरनेटवर आहेत. आपल्या जन्मतारखा आहेत आधारच्या झेरॉक्सवर. आणि ती झेरॉक्स आपण सिमकार्डाच्या दुकानात दिलेली असते, लॉजवर, भाड्याच्या घरासाठी एजंटाकडे. तिचं पुढे काय झालं, हे कोण विचारतं?

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं सांगून पाहिलं: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. दोनच दिवसांत सरकारनं ते पत्रक मागे घेतलं. लोकांचा चुकीचा समज होईल, हे कारण दिलं. पहिल्या आठ अंकांवर फुल्या असलेलं ‘मास्क्ड आधार’ तेव्हाही मिळत होतं, आजही मोफत मिळतं. पण काउंटरवरचा माणूस ते घ्यायला तयार नसेल, तर ग्राहक तिथे किती वेळ वाद घालणार?

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर झटपट कर्जाची जाहिरात.)

२०२२ मध्येच अभिनेता राजकुमार राव यानं जाहीरपणे सांगितलं, की त्याच्या पॅनवर कुणीतरी २,५०० रुपयांचं कर्ज काढलंय आणि त्यामुळे त्याचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याबाबतची पत दाखवणारा आकडा, घसरलाय. रक्कम लहान असणं, हीच यातली खरी मेख आहे. एवढ्याशा कर्जासाठी ना कुणी घरी येऊन चौकशी करतं, ना गॅरेंटर मागतं. हप्ते थकतात. मग एखाद्या दिवशी घरकर्जाचा अर्ज नाकारला जातो आणि बँकेतला माणूस म्हणतो, “तुमचं सिबिल खराब आहे.” कुठलं कर्ज, कुणी दिलं, कधी? ज्याच्या नावावर ते कर्ज असतं, त्याला काहीच माहीत नसतं.

आता ठाणे जिल्ह्यात येऊ. २०२० मध्ये झोपडपट्टीत राहणाऱ्या एका मजुराला आयकर खात्याची नोटीस आली. त्याची रोजची कमाई ३०० रुपये, नोटीस १ कोटी ५ लाखांची. नोटबंदीच्या काळात त्याच्या नावाच्या एका बँक खात्यात ५८ लाख रुपये भरले गेले होते. ते खातं त्यानं कधी उघडलंच नव्हतं. पॅन त्याचा, फोटो आणि सही दुसऱ्याची.

या माणसाच्या खिशातून एक रुपयाही गेलेला नव्हता. तरीही बँकेत, आयकर कार्यालयात, पोलीस ठाण्यात हेलपाटे त्यालाच घालायचे होते. मजुराचा हेलपाटा म्हणजे बुडालेली रोजंदारी. ज्या बँकेनं सही न पडताळता खातं उघडू दिलं, तिनं उत्तर द्यायला हवं. पण व्यवस्था पहिला प्रश्न विचारते तो ज्याचं नाव चोरलं गेलं त्याला. ‘हा मी नव्हतो’ हे त्यानं कागदांवर सिद्ध करायचं. मला या सगळ्यात सर्वात जास्त संताप याचाच येतो.

कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमात ओळख चोरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण चोर सापडला तरी कर्जाची खोटी नोंद आपोआप पुसली जात नाही. तिच्या मागे वेगळं लागावं लागतं.

(दृश्य: एक मुलगी आईला मोबाइलवर काहीतरी दाखवते आहे.)

म्हणून आधी पाहायला शिका. भारतात कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्कोअरचा आकडा पाहून थांबू नका, खाली उतरून कर्जांची यादी वाचा. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत, ते ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं. आधारचे बोटांचे ठसे लॉक करता येतात. घरातल्या ज्येष्ठांसाठी हे आपणच करून द्यायला हवं.

खोटं कर्ज दिसलं, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार करा. कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि नोंद ठेवणाऱ्या कंपनीला लेखी कळवा. एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू आहे: नोंदीबद्दलच्या तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तक्रारदाराला द्यायचे. हे पैसे मागायला लाजू नका. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, पोच घ्या. ३० दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.