यमुनेचा प्रवास लिहिणारे मास्तर

(दृश्य: जुन्या छापील पुस्तकाचं पिवळं पडलेलं पान. त्यावरून सावकाश फिरणारं बोट.)

मराठीतली पहिली कादंबरी कोणती? स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, उत्तर तोंडपाठ असतं. यमुनापर्यटन, बाबा पदमनजी, १८५७. एक गुण पदरात पडतो आणि पान उलटतं. पुस्तक उघडून वाचलेली माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ते लिहिणाऱ्याची चौकशी करणारी त्याहून कमी.

(दृश्य: बेळगाव. पहाट. रस्त्यावर तुरळक वर्दळ.)

बाबांचा जन्म बेळगावचा, १८३१ सालचा. कासाराचं घर. आडनाव मुळे, पदमनजी हे वडिलांचं नाव. त्याच १८३१ साली मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा छापून बाहेर आला. त्या कोशाशी या मुलाची गाठ पुढे पडायची होती.

घरी देवधर्म आणि शाळेत बायबल, असं हे वाढणं होतं. आधी बेळगावची मिशनची शाळा, मग मुंबईत फ्री चर्च या स्कॉटिश मिशनची शाळा. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा सुरू झाली होती. जातिभेद मानायचा नाही, अशी तिथली शपथ. ख्रिस्त्याने भाजलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, पण सगळं गुपचूप, दारं लावून. बाबाही या सभेत जात. रात्री जात मोडायची आणि सकाळी घरी येऊन सोवळ्यात जेवायला बसायचं, हे ज्याच्या मनाला टोचलं असेल, त्याला फार दिवस दोन्हीकडे राहवत नाही. १८५४ मध्ये बाबांनी बेळगावला बाप्तिस्मा घेतला. उजेडात, सगळ्यांच्या देखत.

त्याची किंमत मोठी होती. जात सुटली. पत्नी त्यांच्याबरोबर नांदायला आली नाही. तेवीस वर्षांचा तरुण, गावातच परका झालेला.

(दृश्य: काळा फळा. खडूने लिहिलेली मुळाक्षरं.)

मग बाबा पुण्याला फ्री चर्च मिशनच्या शाळेत मास्तर झाले. हे पुणं डोळ्यांसमोर आणा. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी इथेच मुलींची शाळा काढलेली, आणि जोतिराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. पण त्याच पुण्यात, वाड्यांच्या मागच्या अंधाऱ्या खोल्यांत, दहा-बारा वर्षांच्या विधवा बसलेल्या. डोक्यावरचे केस गेलेले, अंगावर तांबडं आलवण, एक वेळचं जेवण. शुभकार्यात त्यांचं तोंड दिसायला नको. ज्याच्याशी लग्न झालं, त्याचा चेहराही काहींना आठवत नसे. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, पण सरकारी कागद त्या खोलीपर्यंत पोचवायचा कुणी?

पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, बाबांचं पुस्तक आलं. पूर्ण नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. नावातलं ‘निरूपण’ ऐका. हा कीर्तनकाराचा शब्द आहे आणि शिकवणाऱ्याचाही. समोर बसलेल्याला उलगडून सांगायचं, पुन्हा सांगायचं, त्याला कळेपर्यंत सांगायचं.

गोष्ट साधी आहे. यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली मुलगी. नवरा विनायक, तोही शिकलेला. दोघं प्रवासाला निघतात. मुक्कामाच्या ठिकाणी कुणी ना कुणी विधवा भेटते, तिची कहाणी कळते, आणि मग नवराबायको त्यावर बोलत बसतात.

इथे जरा थांबू या. नवराबायको बोलत बसतात! चारचौघांत नवऱ्याकडे मान वर करून पाहणं हाही उद्धटपणा ठरे, अशा काळात ही जोडी वाटेने चालता चालता धर्मावर, रूढीवर, माणसाच्या दुःखावर बोलते. यमुना विचारते, विनायक ऐकतो. बाबांचा स्वतःचा संसार धर्मांतरात मोडला होता. ज्या सोबतीला ते मुकले, ती त्यांनी या दोघांना मनापासून दिली, असं मला ही पानं वाचताना दर वेळी वाटतं.

पुढे विनायकाचा मृत्यू होतो. इतरांची दुःखं ऐकत फिरणारी यमुना एका दिवसात स्वतः त्या ओळीत उभी राहते. सासरचा छळ तिच्याही वाट्याला येतो. अखेर ती ख्रिस्ती होते आणि दुसरं लग्न करते.

पुस्तकात उपदेश आहे, भरपूर आहे. कहाणी रंगात आलेली असताना मास्तर मधेच शिकवायला उभे राहतात. धर्मप्रचाराचं पुस्तक म्हणून अनेकांनी ते बाजूला सारलं, ते याचमुळे. पण मला हे बाजूला सारणं पटत नाही. बाबांची श्रद्धा आणि त्यांची कणव वेगळी काढता येत नाही. प्रभूचा माणूस झालो, तर या मुलींचं रडणं ऐकून गप्प कसं बसायचं, याच ओढीने त्यांनी लेखणी उचलली. आणि मराठी गद्यात विधवेच्या दुःखाभोवती अख्खी कथा उभी राहिली.

(दृश्य: वर्षं एकामागून एक पडद्यावर उमटतात.)

त्यानंतरची वर्षं मोजून पाहा. १८६३ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात विधवांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदासदन काढलं. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही म्हणून संप केला. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी लिहायला घेतली, आणि तिच्या नायिकेचं नावही यमुनाच. हा योगायोग असेलही. पण पहिली यमुना तेहतीस वर्षं आधीच घराबाहेर पडलेली होती.

(दृश्य: कोशाची जाडजूड पानं. बारीक अक्षरं.)

बाबांनी पुढे शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली. कोश रचले, नियतकालिकं चालवली, बायबलमधल्या नव्या करारावर भाष्य लिहिलं. १८६७ मध्ये ते पुण्याच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाले. आणि मोल्सवर्थचा तो कोश? त्याची दुसरी आवृत्ती आली १८५७ मध्ये, यमुनापर्यटनाच्याच वर्षी. एवढा मोठा ग्रंथ शाळकरी मुलाच्या हातात कसा मावणार? बाबांनी त्याचा संक्षेप केला. एकेक शब्द घ्यायचा, अर्थ तोलायचा, ठेवायचा की गाळायचा ते ठरवायचं. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. शिकवणाऱ्यालाच त्याचं मोल ठाऊक असतं.

(दृश्य: उगवतीचं आभाळ.)

१८८८ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, ‘अरुणोदय’. हे पुस्तक बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबतं. त्यानंतर बाबा बावन्न वर्षं जगले, १९०६ पर्यंत. शाळा, मंडळी, छापखान्याची प्रुफं, माणसांचं येणंजाणं, यांची हकिकत त्यात नाही. फळ्यापाशी उभे असलेले बाबा कसे बोलत असतील, हे ऐकायचं तर यमुनेकडेच जावं लागतं. मुक्कामाच्या घरी दिवा लागलेला आहे, समोर एक अनोळखी बाई बसली आहे, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. यमुना तिला घाई करत नाही. ती विचारते, आणि बाई बोलू लागते.